बिनविस्तवाचा जॅम

आमच्या घरात जी वस्तू विस्तवावर चढली नाही तिला पदार्थ म्हणत नाहीत. काकडी ही काकडी, कांदा हा कांदा. खावा, कोणाची ना नाही. पण एखाद्या गोष्टीला नाव द्यायचं, बरणीत भरायचं आणि पाव्हण्यापुढं मिरवायचं, तर आधी तिनं चुलीला तोंड दाखवलं पाहिजे. हे मला कोणी शिकवलेलं नाही. शाळेत मला काही शिकवायला कोणाला सवडच मिळाली नाही. मास्तरांना माझं तोंड ओळखीचं व्हायच्या आत मी मेंढरांमागं लागलो होतो. तरी एवढं कळतं. ज्यांना कॉलेजात जाऊनही कळलं नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

गेल्या उन्हाळ्यात सुनेनं मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. "मामा, हे बघा. न शिजवता जॅम."

मी बघितलं. एक गोरी बाई. तिचं स्वयंपाकघर असं पांढरंशुभ्र की त्यात कधी कोणी जेवलं असेल असं वाटेना. पुढं परातभर लाल फळं, लग्नाला निघाल्यासारखी धुऊनपुसून बसलेली. बाईनं ती कुस्करली, साखर ओतली, कसलीशी पूड टाकली, ढवळलं, हसली, बरणीत भरलं आणि बरणी फ्रीजच्या वरच्या खणात, बर्फाच्या खणात, ठेवून दिली. पुन्हा हसली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं की."

"आन् चूल?"

"चूल लागतच न्हाई मामा. तीच तर गंमत हाय."

"म्हंजी बाईला घाम न्हाई, चटका न्हाई, धूर न्हाई, आन् जॅम तयार. उद्या म्हणशील न रांधता भात करते."

सून हसली नाही. एरवी ती माझं बोलणं हसण्यावारी नेते, अवसरी बुद्रुकची आहे, बागायतीतली माणसं, त्यांना ऐकून घ्यायची सवय असते. पण त्या दिवशी हसली नाही, कारण पलीकडं खाटेवर आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, पडलेली होती आणि हे सगळं तिच्यासाठी चाललं होतं.

म्हातारीचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे ज्यांच्या पोटावर टाके नव्हते ते. घरी आणल्यापासून तिनं अन्नावरची वासनाच टाकली. पेज दिली की दोन घोट घ्यायची आणि वाटी भिंतीकडं सरकवायची. खिचडी, वरण, शिरा, सगळं तिच्या तोंडाला माती. बघायला येणारे पाव्हणे बिस्किटाचे पुडे आणायचे, खाटेच्या कडेला टेकायचे आणि म्हणायचे, "आजी, खायला पायजे हां, ताकद कशी येणार?" हे एवढं सांगायला माणसं जुन्नरहून यायची, भाडं मोडून! मग चहा प्यायची, पुड्यातली दोन बिस्किटं आपणच खायची आणि जायची. खायला पाहिजे हे तिला माहीत नव्हतं जणू.

मंचरच्या डॉक्टरनं तिला काट्यावर उभं केलं आणि सांगितलं, "वजन उतरतंय. पुढच्या वेळेपर्यंत वाढलं नाही, तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. पातळ अन्न नळीतून."

 घरी आल्यावर म्हातारीनं पदर नीट केला आणि म्हणाली, "नाक काय खायला दिलंय व्हय देवानं? नळी घालून घ्यायची न्हाई मला. तशीच जाईन."

आमची म्हातारी बोलते कमी, पण बोललेलं फिरवत नाही. उभ्या जन्मात तिनं फिरवलेला शब्द मला आठवत नाही आणि मी फिरवलेला तिला आठवत नाही. त्यामुळं घरात सगळ्यांना एकच हिशेब कळला: पुढच्या वेळेपर्यंत हिनं खाल्लं पाहिजे. सुनेनं विचारलं, "आत्या, कशावर तरी वासना जाती का बघा. काय बी सांगा."

म्हातारी म्हणाली, "करवंद."

आता करवंद ही काय मागायची गोष्ट आहे? पण तिचंही खरं. तरणेपणी आम्ही दोघं डिंभ्याच्या वरच्या अंगाला मेंढरं घेऊन हिंडायचो. भर उन्हाच्या कडाक्यात मेंढरं कड्याच्या सावलीला बसली की आम्ही करवंदाच्या जाळ्यांना भिडायचो. काटे, चीक, लाल मुंग्या, सगळ्यांतून हात घालून काळी करवंदं काढायची. खाण्याआधी पैज. करवंद आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. जो हरेल त्यानं उन्हात उठून पांगलेली मेंढरं वळवायची. ती नेहमी कोंबडा म्हणायची. आणि मेंढरं बहुतेक मीच वळवली.

डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, बी नको, साल नको, गाळून देत असाल तर चमचा-दोन चमचे चालेल. झालं. तिथून त्या गोऱ्या बाईचं खूळ घरात शिरलं.

पण मी काय हातावर हात ठेवून बसणारा माणूस नाही. करवंदं आणली तेव्हा मी म्हटलं, थांबा, तुमच्या मोबाइलच्या आधी माझं बघा. ही करवंदं विकत आणलेली, हेही सांगितलं पाहिजे. डिंभ्याच्या थांब्यावर एक बाई पानांच्या द्रोणात लावून बसते, तिच्याकडून सून घेऊन आली. आमच्या सात पिढ्यांत कोणी करवंदं विकत घेतली नव्हती. डोंगराच्या पायथ्याला राहायचं आणि करवंद विकत आणायचं! मी तिकडं तोंड फिरवून घेतलं. पण वास आला तसा फिरवलेलं तोंड परत आणावं लागलं.

मागच्या पडवीतली चूल मी पेटवली. गॅस आहे घरात, मुलानं आणलाय, त्यावर चहा होतो, अन्न चुलीवर. करवंदं पातेल्यात घातली, वर चांगला पिवळा गूळ, आणि ढवळत बसलो. रस सुटला, बुडबुडे आले, काळपट लाल चकाकी आली. फडक्यातून पिळून गाळलं, पुन्हा आटवलं. उलथन्यावरून तार सुटत होती. याला म्हणतात करणं. डोळे धुरानं लाल झाले होते, पण उगाच नाही झाले.

बोटभर घेऊन म्हातारीच्या जिभेवर ठेवलं. तिनं डोळे मिटले. मी सुनेकडं बघितलं, की बघ.

म्हातारी म्हणाली, "गूळ चांगला हाय."

"आन् करवंद?"

"करवंद कुठंय ह्यात? शिजून मेलं की ते."

आणि वाटी भिंतीकडं. मी म्हटलं, आजारानं हिची जीभ गेलेली दिसते. ते पातेलं पुढं मी आणि मुलानं भाकरीला लावून संपवलं. मुलगा पारगावला साखर कारखान्यावर नोकरीला आहे, दिवसभर गोड वासात असतो, तरी तो म्हणाला चांगलं झालंय. त्याला कळतं.

मग सुनेची पाळी. तिनं करवंदं निवडायला घेतली आणि थोड्याच वेळात तिची बोटं एकमेकांना चिकटली. करवंदाचा पांढरा चीक डिंकासारखा. कपाळावरचे केस सारायला गेली तर केस चिकटले. मी बसून बघत होतो. सांगितलं काहीच नाही. मोबाइलातल्या बाईला विचार म्हणावं.

खाटेवरून आवाज आला, "तेल लाव बाई हाताला, तेल! अवसरीला नुसतं कांदंच बघितलं का गं?"

सून खदखदून हसली. आणि म्हातारीही, पोटाला हात लावून, बारीक हसली. दवाखान्यातून आल्यापासून तिनं घरातल्या कोणाची टिंगल केली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं. पण त्याचा जॅमशी संबंध नाही.

हाताला तेल लावून सुनेनं सगळी करवंदं कुस्करली, स्टीलच्या चाळणीवर घासली, मग मलमलच्या फडक्यातून काढली. बी नाही, साल नाही, दाट लाल गीर. त्यात साखर, लिंबू. ती पूड मात्र मिळाली नाही. मंचरच्या किराणावाल्याला तिनं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "कपड्याला लावायची का ताई?" म्हणून पूड वगळून. मग ते सगळं झाकून ठेवलं. अधूनमधून ढवळायचं आणि साखर आपली आपण विरघळायची वाट बघायची. याला स्वयंपाक म्हणतात आता. वाट बघणे.

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं. पळीतून धार लागली. मी म्हटलं, "हे जॅम न्हाई पोरी, हे सरबत हाय. प्याल्यात ओत आन् पाव्हण्याला दे."

"असू द्या सरबत," ती म्हणाली. चमचा भरला आणि आत्याच्या तोंडाला लावला.

म्हातारीनं चमचा तोंडात धरूनच ठेवला. मग ओठ एकमेकांवर दाबले, सोडले. पुन्हा दाबले. "हां," ती म्हणाली. "वठ चिकाटतंय." आणि थोड्या वेळानं, "अजून दे."

त्या दिवशी तिनं दोन चमचे खाल्ले आणि वर, कोणी न सांगता, पेज संपवली. तोंडाला पाणी सुटलं म्हणाली. मी अंगणात जाऊन बसलो. लोकांनी लगेच समजू नये की माझं चुकलं. पोट एकेक दिवशी आपलं आपण उघडतं.

सुनेचा बेत असा होता: हे बरण्यांत भरून बर्फाच्या खणात ठेवायचं, एकेक बरणी काढायची आणि रोज आत्याला द्यायचं. कारण करवंदाचे दिवस संपत आले होते, पाऊस तोंडावर होता, आणि कच्चा रस बाहेर ठेवला तर त्या उन्हाळ्यात फेस धरून आंबला असता. बरण्या तिनं कुठून कुठून जमवल्या, लोणच्याच्या, कॉफीच्या, सगळ्या काचेच्या, घासून लखलखीत. भरल्या आणि ओट्यावर मांडून ती चाऱ्याला गेली.

खाटेवरून म्हातारीला ओटा दिसतो. ती बघत होती. "अवं," ती मला म्हणाली, "बरण्या अशा अर्धवट का ठेवल्यात? आजाऱ्याच्या घरात उणं भांडं ठेवायचं असतं व्हय?"

मी उठून बघितलं. खरंच. प्रत्येक बरणीत गळ्याखाली दोन-दोन बोटं जागा. एक ना दोन, सगळ्या तशाच. मला वाटलं पोरीनं पुरवून पुरवून भरल्यात.

आता इथं आमची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर शहरातल्या माणसाला कळायचं नाही. आमचं सगळं आयुष्य मापावर गेलं. शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्याला, आणि त्याबद्दल धान्य आपल्याला. पायलीनं मोजून. चांगला माणूस पायलीवर शीग लावायचा, वरून ओघळेपर्यंत. आणि ज्यानं पायलीवरून हात फिरवून माप सपाट केलं, त्याच्या रानात पुढच्या साली आम्ही पाऊल टाकलं नाही. मग ते रान किती का काळंभोर असेना. भांडं भरायचं तर काठोकाठ. नाहीतर देणाऱ्याची नियत उणी. ही आमच्या घरातली पक्की गोष्ट. म्हातारीनं ती बोलून दाखवली आणि मी एक बरणी घेऊन बाकीच्यांत ओतली. सगळ्या गळ्यापर्यंत, झाकण लावताना थोडं बाहेर येईल इतक्या. फडक्यानं पुसून वरच्या खणात ओळीनं लावल्या.

"आता कसं दिसतंय," म्हातारी म्हणाली.

सकाळी सुनेनं खण उघडला आणि तशीच उभी राहिली. बरण्या फुटल्या होत्या. एकीचं बूड सुटलं होतं, दोन बरण्यांना वरपासून खालपर्यंत चिरा, राहिलेल्यांची झाकणं वर आलेली. लाल बर्फात काचा चमकत होत्या.

"मामा, ह्यातली जागा कोणी बुजवली?"

"आमी. उण्या व्हत्या."

"अवं, गोठल्यावर फुगतं ते! म्हणून तर सोडली व्हती!"

"जे आपल्या भांड्यात मावत न्हाई," मी म्हटलं, "ते खावं कशाला माणसानं?"

सून खाली बसली. रडली वगैरे नाही. नुसती म्हणाली, "आत्याच्या आतड्यात काचंचा कण गेला तर?" आणि चिरा न गेलेल्या बरण्यासुद्धा तिनं ठेवल्या नाहीत. परसात खड्डा काढला आणि सगळं पुरलं, कोंबड्यांनी टोचू नये म्हणून वर दगड.

मला कोणी एक शब्द बोललं नाही. मुलगा बोलला नाही, सून बोलली नाही. त्यांचं ते न बोलणं मला जास्त लागलं. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. काच ही वस्तूच फालतू. मडकं असतं तर झेललं असतं. मडक्याला अंग असतं, ते दम खातं. काचेला नुसती चमक. आणि ज्या फ्रीजचा एवढा डौल, बाहेरच्या खोलीत विणलेलं झाकण घालून देवासारखा बसवलेला, त्याला साध्या चार-सहा बरण्या सांभाळता आल्या नाहीत.

हे सगळं मी मनात बोललो. कारण म्हातारीनं पुन्हा वाटी भिंतीकडं सरकवायला सुरुवात केली होती. पेज दिली की विचारायची, "ते न्हाई का?" नाही म्हटलं की मान फिरवायची.

सून डिंभ्याच्या थांब्यावर जाऊन आली. द्रोणवाली बाई बसत नव्हती. खालच्या जाळ्या संपल्या, असं कोणी तरी सांगितलं. आभाळ रोज दुपारी भरून येत होतं. एकदा पाण्यानं झोडपलं की करवंद गेलं. फुटतं, आत अळी पडते.

सकाळी मी काठी घेतली, खांद्यावर घोंगडी टाकली, कडीचा डबा घेतला आणि निघालो.

"मामा, कुठं?" सून म्हणाली. "गुडघा बघा तुमचा."

"गुडघा माझाच हाय. मी बघतो."

एस.टी. आली नाही. ती यायची असली की आपण नसतो आणि आपण असलो की ती नसते. शेवटी धरणावर मासळी आणायला निघालेल्या टेम्पोत बसलो, बर्फाच्या पेट्यांना पाठ लावून. माशांना जेवढा मान तेवढ्या मानानं माणसाला नेतात, तरी बरं.

वरची वाट माझी ओळखीची. पण धरणाच्या पाण्याच्या कडेला आता तंबू लागतात. निळे, पिवळे, पोळ्यातल्या बैलाच्या झुली परवडल्या. पुण्यामुंबईची पोरं तिथं येऊन जमिनीवर झोपायचे पैसे देतात. आम्ही जन्मभर फुकट झोपलो, त्याचा कोणी फोटो काढला नाही. भल्या सकाळी गाणी लावलेली, मोठ्या आवाजात, पाखरांनी गाव सोडावं अशी.

मी चढत होतो तर त्यातला एक अर्ध्या चड्डीतला बाबा एका जाळीपाशी उभा. हातात चार करवंदं. मला म्हणाला, "काका, ही बेरी कुठली? खाण्यासारखी आहे का?"

मी त्याच्याकडं बघितलं, जाळीकडं बघितलं. चांगली लदलेली जाळी.

"बेरी न्हाई ती," मी म्हटलं. "इखारी हाय. मेंढरानं खाल्लं तर जागेवर आडवं व्हतं."

त्यानं करवंदं टाकली आणि चड्डीला हात पुसले. मग खाली ओरडला, "अरे, कोणी खाऊ नका रे, पॉयझनस आहे!" त्याचा आवाज पार पाण्यावर गेला. तो लांब गेला तशी ती जाळी मी मोकळी केली. त्यांच्या अडाणीपणापायी डोंगरावर एवढं तरी राहिलं म्हणायचं.

पण एका जाळीनं डबा भरणार नव्हता. वरच्या कड्याच्या सावलीला, आमची मेंढरं बसायची तिथं, पोचायला मला दुपार झाली. गुडघ्यानं काय काय म्हटलं ते लिहीत नाही. जाळ्या होत्या तिथंच होत्या. कड्याला चिकटून जी जाळी आहे, म्हातारी जिच्यातली करवंदं काढायची, ती काळीभोर. घोंगडी काट्यांवर टाकली आणि तिच्यावर छाती टेकून आत हात घातला. घोंगडीला काट्यांचं काही वाटत नाही. तुमची ती रंगीत जाकिटं फाटली असती. डबा भरला. मूठभर करवंदं बंडीच्या खिशात वेगळी टाकली. लांब पुरंदराकडं का कुठं गडगडत होतं. मी खाली आलो तेव्हा हाताला, दाढीला, सगळीकडं चीक.

सुनेनं डबा बघितला, मला बघितलं आणि तेलाची वाटी पुढं केली.

या खेपेला तिनं काच काढलीच नाही. छोटे छोटे प्लास्टिकचे डबे. तेच कुस्करणं, तेच गाळणं, तीच वाट बघणं. भरायची वेळ आली तशी मला समोर बसवलं.

"मामा, दोन बोटं जागा. बघून घ्या."

"बघितली."

"हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत."

"आन् आत्या, तुमी तिकडं तोंड करा बघू."

"मी डोळंच मिटती बाई," म्हातारी म्हणाली. "मला बघवत न्हाई त्ये उणं."

मलाही बघवत नव्हतं. अजून बघवत नाही. पण डबे फुटले नाहीत.

पहिला डबा बाहेर काढला तेव्हा मी खाटेजवळ बसलो आणि बंडीतून एक करवंद काढलं. तिच्या डोळ्यांपुढं धरलं. "कोंबडा का कोंबडी?"

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "डाव काय?"

"हरलीस तर ह्यातलं दोन चमचं खायचं, आन् वर दुधात कुस्करलेली भाकरी. सगळी."

"आन् तुमी हरला तर? आता वळवायला मेंढरं कुठायत?"

मी विचार केला. "तर मी बी खातो. तुझ्या सुनंचा हा बिनविस्तवाचा चिखल."

"कोंबडा," ती म्हणाली. तिनं विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही.

नखानं फोडलं. लालभडक.

सून दारात उभी राहून हसत होती. चमचा तिनंच भरून दिला, शीग लावून. मला नाही म्हणता येईना. तोंडात घातला. आधी नुसता गार, दातांत कळ गेली. मग ते विरघळलं आणि आंबट जिभेच्या कडांना लागलं, ओठ चिकटले, आणि कड्याच्या सावलीचा, मेंढरांच्या लोकरीचा, उन्हात तापलेल्या दगडाचा असा काहीसा वास नाकात आला. मी गिळलं.

"कसा हाय जॅम?" सुनेनं विचारलं.

"जॅम न्हाई हा," मी म्हटलं. "नुसतं करवंद हाय."

"मग?"

"मग काय? जॅम न्हाई म्हटलं ना."

म्हातारी म्हणाली, "जिकली मी, तरी भाकरी आणा. एकटे काय खाता?" आणि तिनं खाल्ली. सगळी नाही. पण वाटी भिंतीकडं गेली नाही.

त्यानंतर रोज हेच. मूठभर करवंदं खिशात किती दिवस राहणार, ती सुकायला लागली, तेव्हा मी ती एका वाटीत घालून बर्फाच्या खणात ठेवली. फ्रीज मी वापरतो असं कोणी म्हणू नये. वाटी ठेवायला जागा नव्हती म्हणून ठेवली. रोज एक काढायचं, मऊ पडू द्यायचं आणि फोडायचं. ती रोज कोंबडाच म्हणायची आणि रोज कोंबडाच निघायचा. कड्याजवळची ती जाळी सगळी लाल करवंदांची आहे. हे तिला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. रोज हरायचो आणि रोज चमचाभर ते कच्चं खायचो.

मंचरला गेलो तेव्हा डॉक्टरनं तिला काट्यावर उभं केलं. काटा बघितला, कागद बघितला, पुन्हा काटा बघितला. "वाढलंय की. नळीची गरज नाही. काय देताय?"

सुनेनं सगळं सांगितलं, गाळणं, साखर, बर्फाचा खण. डॉक्टर म्हणाला, "वा! न शिजवल्यामुळं चवही राहते." तोही त्याच मोबाइलातला.

"शिजवायचं राहून गेलं ते," मी म्हटलं. "घाई व्हती."

म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं. जोरात. हाडाला लागलं, म्हणजे अंगात जोर आला होता.

आता पुन्हा उन्हाळा आलाय. पुरवून पुरवून ठेवलेला शेवटचा डबा काल संपला. तिनं तो स्वतः विसळला, ओट्यावर पालथा घातला आणि म्हणाली, "औंदा मला बी वर न्या."

"वर काय ठेवलंय?" मी म्हटलं. "तंबू हायत. आन् अर्ध्या चड्डीतली माणसं."

"टेम्पो जातो की धरणापतूर."

"माशांचा वास येतो त्याला. तुला सोसायचा न्हाई. आन् बिया खायच्या न्हाईत तुला अजून, डॉक्टरनं सांगितलंय."

तिनं चपला दारापाशी पुढं काढून ठेवल्या, नीट जोडीनं.

"न्हाई खात," ती म्हणाली. "नुसतं फोडून बघीन."